अंगण आपलं, डाग सगळ्यांचा

मोटारीखाली तेलाचे चार थेंब पडले, तर आपल्याकडे फार तर घरातलं वडीलधारं माणूस कुरकुरतं. वर चिमूटभर माती टाकली की विषय संपला. पण अमेरिकेतल्या पुष्कळ वसाहतींत याच चार थेंबांवरून घरमालकाला पत्र येतं, सुनावणी होते आणि दंडही बसतो. आपल्या गावांतली कितीतरी मुलंमुली आज कॅलिफोर्निया, टेक्सास, न्यू जर्सी अशा प्रांतांत घरं करून राहिली आहेत. त्यांच्या पत्रांतून, फोनवरून ही तक्रार इथल्या आईबापांच्याही कानांवर येते. तेव्हा आज आपण हा तेलाच्या डागाचा प्रश्न मुळापासून पाहू.

तिकडे रस्त्यापासून घराच्या मोटारखान्यापर्यंत एक पक्की वाट बांधलेली असते. तिला ड्राइव्ह-वे म्हणतात. ती काँक्रीटची असते, नाहीतर डांबराची. स्वतंत्र घर असलं तर ही वाट बहुधा घरमालकाच्याच मालकीची असते. जोडघरांच्या वसाहतीत मात्र ती कधी कधी सगळ्यांची सामाईक असते. पण वाट स्वतःची असली तरी तिच्यावर एक संस्था नजर ठेवून असते. तिला आपण घरमालक संघ म्हणू. अशा वसाहतीत घर विकत घेतलं की माणूस आपोआप संघाचा सभासद होतो. खरेदीबरोबरच संघाचे नियम त्याच्यावर बंधनकारक होतात आणि दर महिन्याला किंवा वर्षाला वर्गणी भरावी लागते. न्यू जर्सीतलं रॅडबर्न हे या प्रकारचं एक जुनं आणि नावाजलेलं उदाहरण. 1929 साली मोटारयुगासाठी म्हणून ते वसवलं गेलं. पायी चालणाऱ्यांच्या वाटा मोटारींपासून वेगळ्या ठेवल्या आणि सामाईक बागांची व्यवस्था संघाकडे दिली.

आता तुम्ही म्हणाल, स्वतःच्या दारातल्या डागाशी शेजाऱ्याचा संबंध काय? संघाचं म्हणणं असं, की एका घराचं दार गलिच्छ दिसलं तर शेजारच्या घराचीही किंमत उतरते. हे कारण थोडं मानभावी वाटेल. पण दुसरं कारण त्याहून वजनदार आहे, आणि ते पाण्याचं आहे. नव्या वसाहतींत रस्त्याच्या कडेला पावसाच्या पाण्यासाठी जाळीची गटारं असतात. संडास-मोरीचं पाणी शुद्धीकरणाच्या कारखान्यात जातं. या जाळीतलं पाणी मात्र बहुतेक ठिकाणी तसंच, काही न करता, ओढ्यात किंवा नदीत जातं. मोटारीतलं तेल एकदा बदललं की चार-पाच लिटर जळकं तेल निघतं. एवढं तेल दहा लाख गॅलन, म्हणजे सुमारे 38 लाख लिटर गोडं पाणी बिघडवू शकतं, असं तिथलं सरकारी पर्यावरण खातं सांगतं. म्हणून डाग काढताना नळी लावून सगळं गटारात लोटून देणं ही सफाई नव्हे. दारातली घाण ओढ्यात गेली, एवढंच.

मग डाग काढायचा कसा? आधी तो पडतो कसा ते पाहू. काँक्रीट दिसायला दगडासारखं घट्ट असलं तरी त्याच्या अंगभर बारीक छिद्रं असतात. कोरडी वीट जसं पाणी पिते, तसं काँक्रीट तेल पितं. तेल पाण्यात मिसळत नाही, म्हणून नुसतं पाणी कितीही ओतलं तरी आतलं तेल हलत नाही. साबणाच्या कणाचं एक टोक तेलाला धरतं आणि दुसरं पाण्याला. म्हणून साबण लागतो.

पहिलं काम मात्र डागाचं नाही, गाडीचं. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवावा. सकाळी थेंब कुठे पडला ते पाहून तेल कुठून गळतं याचा अंदाज येतो, आणि तो पुठ्ठा मेकॅनिकला दाखवता येतो. गळती तशीच ठेवून डाग घासणं म्हणजे गळक्या छपराखाली सारवण करण्यासारखं आहे.

ताजं तेल सांडलं असेल तर घासू नये आणि पाणीही ओतू नये. दोन्हींनी डाग पसरतो. त्यावर तेल शोषणारी कोरडी चिकणमाती टाकावी. तिकडे मांजरांच्या पेटीत घालायला मातीचे दाणे मिळतात, तेच लोक वापरतात. आपल्याकडची मुलतानी माती किंवा लाकडाचा भुसाही हेच काम करतो. रात्रभर ठेवून सकाळी झाडून घ्यावं. उरलेल्या डागावर कपडे धुण्याच्या पावडरीचा दाट लेप द्यावा, थोडं गरम पाणी शिंपडून ताठ प्लास्टिकच्या ब्रशाने घासावं आणि तो फेस पुन्हा माती टाकून टिपून घ्यावा. तारेचा ब्रश वापरू नये. त्याचे लोखंडी कण मागे राहतात आणि गंजाचे नवे डाग पडतात.

जुना डाग खोल गेलेला असतो. त्यासाठी शोषक माती आणि तेलकटपणा काढणारं द्रावण कालवून बोटभर जाडीचा लेप द्यावा. तो प्लास्टिकने एक दिवस झाकून ठेवावा, मग उघडून वाळू द्यावा. लेप वाळताना आतलं तेल वर ओढून घेतो. एकदा भागलं नाही तर पुन्हा द्यावा. पेट्रोल किंवा थिनर ओतायचा मोह टाळावा. त्याने तेल पातळ होऊन आणखी खोल जातं, शिवाय आगीची भीती. आम्लही नको; ते तेलाला हात लावत नाही, सिमेंट मात्र खातं. डांबरी वाटेवर जास्तच जपावं, कारण डांबर हेही खनिज तेलाचंच भावंड. तेलाने आणि थिनरने ते मऊ पडतं. झाडून काढलेली तेलकट माती बंद डब्यात भरून घातक कचरा घेणाऱ्या केंद्रात द्यावी.

हे झालं डागाचं. पण पत्र आलं असेल तर? पत्र बाजूला टाकू नये, आणि रागाच्या भरात भांडायलाही जाऊ नये. नियम वाचावा, मुदत किती आहे ते पाहावं, सफाईच्या आधीचे आणि नंतरचे फोटो तारखेसह ठेवावेत आणि लेखी उत्तर द्यावं. कायदा घरमालकाच्याही बाजूला उभा आहे. फ्लॉरिडात दंड लावण्यापूर्वी संघाला निदान 14 दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते. मग निदान तीन सभासदांच्या समितीपुढे सुनावणी होते, आणि त्या समितीत संघाचे पदाधिकारी किंवा त्यांचे जवळचे नातलग बसू शकत नाहीत. कॅलिफोर्नियात 2025 साली कायदा बदलून, आरोग्य किंवा सुरक्षिततेचा प्रश्न नसेल तर एका नियमभंगाला 100 डॉलरहून अधिक दंड नाही, अशी मर्यादा घातली गेली.

संघाच्या पंचांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सत्तरीच्या एकट्या बाईला गुडघे टेकून काँक्रीट घासता येत नाही. तिला नोटीस धाडण्याआधी कोणी दार ठोठावून विचारलं, तर एका सकाळीच काम होतं. आणि नियम सर्वांना सारखा हवा. पंचाच्या दारातला डाग दिसत नाही आणि नवख्याच्या दारातला तेवढा दिसतो, असं झालं की तेल बाजूला राहतं आणि माणसांची मनं डागाळतात.

गुरुजींसाठी यात एक सोपा प्रयोग आहे. विटेचे दोन तुकडे घ्या. एक तासभर पाण्यात बुडवून ठेवा, दुसरा कोरडा ठेवा. दोन्हींवर जळक्या तेलाचे दोन-दोन थेंब टाका. कोरडी वीट तेल पिऊन टाकील. ओल्या विटेची छिद्रं पाण्याने भरलेली, म्हणून तेल बरंचसं वरच राहील. कोरड्या तुकड्यावर मग मुलतानी मातीचा लेप देऊन वाळवा आणि तेल कसं वर येतं ते मुलांना दाखवा. नव्या काँक्रीटला छिद्रं बुजवणारा थर का देतात, हे त्यांना न सांगता कळेल.

आपल्या खेड्यांत असा घरमालक संघ नाही, दंड नाही. पण विहिरीवर इंजिन आहे, वाड्यात ट्रॅक्टर आहे आणि दोन्हींचं तेल बदलावं लागतं. ते जळकं तेल बांधावर किंवा विहिरीच्या थारोळ्याजवळ ओतलं, तर पत्र पाठवणारं कोणी नसतं. मातीतून झिरपत ते पाण्याकडे जातं. म्हणून इंजिनाखाली जुनं घमेलं ठेवा, निघालेलं तेल झाकणाच्या डब्यात भरा आणि जुनं तेल घेणाऱ्या परवानाधारकाकडे जाईल, अशा गॅरेजात द्या. विहीर एका घराची असली, तरी खालचं पाणी साऱ्या गावाचं आहे.