उरक हाताला नसतो, मांडणीला असतो

मैत्रिणींनो, "तिच्या हाताला काय उरक आहे बाई!" हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलेले असते. बहुतेक वेळा ते दुसऱ्याच कुणाबद्दल असते. माझ्या वाट्याला मात्र लग्नानंतर अकरा वर्षे त्याचे उलटे रूप आले. "आमच्या हिच्या हाताला उरक नाही." सासूबाई हे रागाने म्हणत नसत. आल्यागेल्याला घरची माहिती सांगावी तसे सहज म्हणत, आणि म्हणूनच ते जास्त लागे.

रोज साडेपाचला उठूनही सात चाळीसच्या बसपर्यंत माझी त्रेधा उडे. चार डबे, अठरा पोळ्या, एक भाजी, कुकर, धाकटीची वेणी. घामाघूम होऊन शेवटचे झाकण लावावे, तेव्हा ह्यांचा एक पाय दाराबाहेर असायचा. माझा चहा ओट्यावर गार होऊन त्यावर साय धरलेली. मलाही वाटू लागले होते, की आपले हातच संथ.

एका रविवारी धाकटे दीर जेवायला आले होते. ते कारखान्यात असतात. विषय निघाला तेव्हा ते हसून म्हणाले, "वहिनी, आमच्याकडे अमुक माणूस संथ आहे असं कुणी म्हटलं, तर आधी घड्याळ लावून बघतात. दहातल्या आठ वेळा माणूस संथ नसतोच. त्याच्यापर्यंत काम नीट पोचत नसतं."

ते बोलून विसरून गेले. मी विसरले नाही.

वहीने काय सांगितले?

दुसऱ्या दिवशी लेकीची जुनी वही आणि घड्याळ ओट्यावर ठेवले. काहीही बदलायचे नाही, फक्त लिहायचे, असे ठरवले. तवा तापला सहा दहाला, उतरला सहा पंचावन्नला. म्हणजे पंचेचाळीस मिनिटे.

आता हिशेब बघा. माझी एक पोळी भाजायला दीड मिनिट लागते. अठरा पोळ्यांची झाली सत्तावीस मिनिटे. मग उरलेली अठरा मिनिटे तवा काय करत होता? रिकामा तापत होता! त्या वेळात मी कुठे होते, तेही वहीत होते. भाजी चिरणे आणि ढवळणे सहा मिनिटे. वेणी पाच. डब्यांची झाकणे शोधणे चार. दार उघडून दूध घेणे तीन.

वही बघून मी खाली बसले. अकरा वर्षे मी भराभर लाटायचा प्रयत्न करत होते. लाटण्यात माझा हात कुठे कमी पडतच नव्हता. एक पोळी तव्यावर असताना दुसरी लाटून तयार असे. लाटण्याचा वेग दुप्पट केला असता तरी पोळपाटावर पोळ्या साठल्या असत्या, डबे काही लवकर भरले नसते.

नरसाळ्याची नळी

पिंपातून बाटलीत तेल ओततो तेव्हा नरसाळे लावतो. वरून कितीही भरभर ओता, बाटली भरते ती नरसाळ्याच्या नळीच्या वेगानेच. जास्त घाई केली तर तेल सांडते एवढेच. प्रत्येक कामात अशी एक अरुंद नळी असते, आणि सगळ्या कामाचा वेग तीच ठरवते. कारखान्याच्या शास्त्रातला हा पहिला धडा. ती जागा आधी शोधायची, तिथे एक मिनिटही वाया जाऊ द्यायचे नाही, आणि बाकीची कामे तिच्या सोयीने लावायची.

इस्रायलचे एलियाहू गोल्डरॅट मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. त्यांनी हा विचार १९८४ साली चक्क एका कादंबरीतून मांडला. 'द गोल' तिचे नाव. तिच्यात मुलांची एक रांग डोंगरवाटेने चालली आहे. पुढची मुले पळतात, मागची रखडतात, रांग लांबतच जाते. मग लक्षात येते, की सगळी रांग मुक्कामाला पोचणार ती सर्वांत सावकाश चालणाऱ्या मुलाच्या वेगाने. त्याला रागावून उपयोग नाही. त्याला सर्वांच्या पुढे ठेवतात आणि त्याच्या पाठीवरचे ओझे इतर मुले वाटून घेतात. रांग झपझप चालू लागते.

हे वाचले आणि मनात आले, आपल्या घरात सकाळी ती सावकाश चालणारी कोण असते? तवा म्हणा, पण तव्याशी उभी असते ती घरची बाईच. रांग अडली की तिला "चल, आटप" म्हणणारे चार जण असतात. ओझे वाटून घ्यायचे मात्र कुणाला सुचत नाही.

पापड आणि पावसाळा

हे सगळे परदेशातले म्हणून सोडून देऊ नका. आपल्या गिरगावातले उदाहरण घ्या. १९५९ च्या मार्च महिन्यात सात गृहिणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. तेच आजचे 'श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड'. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

पहिल्याच वर्षी पावसाने त्यांना अडवले. लाटणारे हात होते, पीठ होते, पण ऊन नव्हते. पापड वाळेनात आणि चार महिने काम बंद ठेवावे लागले. पुढच्या वर्षी त्यांनी काय केले? एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. पापड खाटेवर, स्टोव्ह खाटेखाली! भर पावसात पापड वाळू लागले. नळी नेमकी कुठे अरुंद आहे ते कळले, की उपाय असा साधा सापडतो.

पुढे मागणी वाढली तशी लाटण्याला जागा आणि हात पुरेनात. तेव्हा पीठ मळायचे केंद्रावर, म्हणजे चव सगळीकडे एकच राहते, आणि मळलेले पीठ घरी नेऊन लाटायचे, अशी पद्धत बसली. दुसऱ्या दिवशी वाळलेले पापड केंद्रावर आणायचे, तिथे ते तपासून, वजन करून घेतात आणि लाटणावळ मिळते. कोणते काम एका ठिकाणी ठेवायचे आणि कोणते घरोघरी वाटायचे, एवढा एक निर्णय बरोबर घेतला. आज चाळीस हजारांहून अधिक भगिनी त्यावर चार पैसे मिळवतात.

करंजीची पारी का सुकते?

दिवाळीत तुम्ही चौघी मिळून करंज्या करता ना? तिघी पाऱ्या लाटायला बसल्या आणि एकटीच सारण भरायला, तर काय होते? पाऱ्यांचा ढीग होतो, त्या सुकतात, कडा चिकटत नाहीत आणि करंजी तेलात फुटते. सारण वाया, तेल खराब. लाटणाऱ्या तिघींनी कष्ट केले, तरी नुकसानच झाले.

अर्धवट कामाचा ढीग म्हणजे काम नव्हे, हे जपानमधल्या टोयोटा मोटार कंपनीच्या ताइची ओनो यांनी सगळ्या जगाला पटवले. अमेरिकेतल्या मोठ्या दुकानांची रीत त्यांच्या मनात भरली होती. तिथे गिऱ्हाइकाने फळीवरून जेवढे उचलले, तेवढेच मागून भरून ठेवतात. त्यांनी कारखान्यात तेच केले. पुढच्याने मागितल्याशिवाय मागच्याने बनवायचे नाही. आपल्या भाषेत सांगायचे तर, भरणारीने हात पुढे केला की पारी लाटायची.

आपण सकाळी याच्या उलट करतो. इकडे भाजी अर्धी चिरलेली, तिकडे कपडे अर्धे भिजवलेले, मध्येच फोडणी टाकलेली. पाच कामे सुरू आणि पूर्ण एकही नाही. दिसायला खूप काम चाललेले असते, पण संपत काहीच नाही.

चूल गेली, ओटा आला

आता पायांकडे वळू. काम करताना माणूस किती हालचाली करतो, हे मोजणारे एक जोडपे म्हणजे अमेरिकेतले फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ. फ्रँक गवंडीकामातून वर आलेले. गवंडी दर विटेसाठी पायाशी वाकतो, हे पाहून त्यांनी विटा हाताच्या उंचीवर येतील असा मचाण केला. एक वीट लावायला जिथे अठरा हालचाली लागत, तिथे चार-पाच पुरू लागल्या. गवंडी तोच, हातही तेच.

१९२४ साली फ्रँक वारले. लिलियनबाईंवर मोठा संसार पडला. त्यांनी बारा मुलांना जन्म दिला होता! बाई इंजिनिअरला कारखान्यांची दारे सहज उघडेनात, तेव्हा त्यांनी तेच शास्त्र स्वयंपाकघरात आणले. शेगडी, मोरी आणि साठवणीची जागा जवळजवळ हवी, ओटा बाईच्या उंचीला साजेसा हवा, हे त्यांनी पावले मोजून दाखवून दिले.

हे मी सासूबाईंना वाचून दाखवले. भीत भीत माझी वहीही दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अगं, आमच्या वेळी चूल होती. एकदा पेटली की उठता यायचं नाही, लाकूड उगाच जळायचं. म्हणून पाटावर बसायच्या आधी सगळं भोवती घ्यायचं. कणीक, परात, मिसळणाचा डबा, चिरलेली भाजी, सगळं हाताशी. गॅस काय, बंद केला की बंद. म्हणून तुम्ही सारख्या उठता."

मैत्रिणींनो, मला उत्तर मिळाले. त्यांचा उरक त्यांच्या मनगटात नव्हता, चुलीभोवतीच्या मांडणीत होता. चूल गेली, धूर गेला, हे फार चांगले झाले. पण तिच्याबरोबर 'आधी सगळे हाताशी' ही शिस्तही गेली, आणि आपण ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत राहिलो.

या आठवड्यात एवढे करून पाहा

एक. एक दिवस नुसते लिहा. काही बदलू नका. कोणते काम केव्हा सुरू झाले, केव्हा संपले, आणि मध्ये तुम्ही कशासाठी उठलात.

दोन. तुमची नळी शोधा. कुणाची तवा असेल, कुणाची एकच शेगडी, कुणाची सहा ते साडेसहा येणारे नळाचे पाणी. पाण्याची नळी असेल तर त्या अर्ध्या तासात पाण्याचीच कामे करा. केर त्याआधी किंवा नंतर.

तीन. जे काम विस्तव करतो ते आधी लावा. कुकरला वीस मिनिटे लागतात, पण ती त्याची, तुमची नव्हेत. तो आधी चढवून मग भाजी चिरायला घ्या.

चार. वाण्याच्या सामानासाठी दोन डबे ठेवा. साखरेचा पहिला डबा संपून दुसरा उघडला, की लगेच यादीत साखर लिहायची. ऐन फोडणीच्या वेळी मोहरीसाठी मुलाला पळवायला नको आणि महिन्याचे सामान भरून किडे होऊ द्यायलाही नकोत.

पाच. नळीशी जो उभा असेल, त्याच्या पाठीवरचे ओझे वाटा. आमच्याकडे दूध आता हे घेतात. डबे आणि झाकणे मुलगा रात्रीच जोडी लावून ठेवतो. भाजी तवा ठेवायच्या आधी चिरलेली असते. वेणी पोळ्यांनंतर.

आणि वाचलेला वेळ?

माझी अठरांपैकी पंधरा मिनिटे वाचली. पण पहिल्या आठवड्यात ती मला मिळालीच नाहीत! वेळ उरतोय म्हणून मी आपण होऊन एक कोशिंबीर वाढवली, मग ह्यांचा एक शर्ट इस्त्रीला घेतला, आणि शनिवारी पाहते तर चहा पुन्हा गारच. कारखान्यात वाचलेला वेळ कुणाचा, हे मालक ठरवतो. घरात ते आपण ठरवले नाही, तर घर तो गिळून टाकते. म्हणून वाचवायच्या आधीच त्या वेळाला नाव देऊन ठेवा. वाचन म्हणा, शिवण म्हणा, नुसते बसणे म्हणा. नुसते बसण्यातही काही पाप नाही.

माझ्या पंधरा मिनिटांचे नाव आहे चहा. गरम चहा, खिडकीशी बसून. सासूबाईही कप घेऊन येतात.

परवा शेजारच्या काकू आपल्या नव्या सुनेबद्दल सांगत होत्या, "चांगली आहे हो, पण हाताला उरक नाही." मी गप्प बसले. सासूबाईंनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "उरकाचं नंतर बोलू. आधी तुमचा तवा किती वेळ रिकामा राहतो, ते घड्याळ लावून बघा."