कारवान हाउंडमधील केसांचे प्रकार व रंगभेद

कारवान हाउंड, अर्थात कारवानी कुत्रा, ही दख्खनच्या पठारावरील शिकारी कुत्र्यांची एक प्राचीन जात आहे. महाराष्ट्राचा मराठवाडा व दक्षिण भाग, उत्तर कर्नाटक आणि लगतचा तेलंगणा हा तिचा मुख्य प्रदेश होय. वासापेक्षा नजरेच्या बळावर सावजाचा पाठलाग करणाऱ्या कुत्र्यांच्या गटात ती मोडते. लांबट निमुळते डोके, खोल छाती, आत ओढलेले पोट व लांब पाय ही तिची ठळक लक्षणे आहेत. केसांच्या बाबतीत तिची दोन रूपे आढळतात. एक आखूड व गुळगुळीत केसांचे, तर दुसरे कान, शेपटी व पाय यांवर झालर असलेले. दुसऱ्या रूपास पश्मी म्हणतात. रंगांत मात्र मोठी विविधता आहे. केस व रंग यांवरून जातीची शुद्धता ठरवण्याचा प्रघात सर्वत्र दिसतो. तथापि हा निकष बराच फसवा आहे.

नाव व पार्श्वभूमी

मध्य व पश्चिम आशियातून आलेल्या व्यापारी तांड्यांसोबत, म्हणजे कारवानांसोबत, या कुत्र्यांचे पूर्वज भारतात आले, अशी परंपरागत समजूत आहे. जातीचे नाव त्यावरूनच पडले. सलुकी व अफगाण हाउंड या जातींशी असलेले तिचे शारीरिक साम्य या समजुतीस पूरक ठरते. पश्मी हा शब्द लोकर या अर्थाच्या फारसी ‘पश्म’वरून आला असून पश्मिना या शब्दाचे मूळही तेच आहे.

मुधोळ संस्थानचे अधिपती मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांच्या पैदाशीस उत्तेजन दिले. ब्रिटिश सम्राट पंचम जॉर्ज यांना त्यांनी या कुत्र्यांची जोडी भेट दिल्याचे प्रसिद्ध आहे. तेव्हापासून मुधोळ हाउंड हे नावही रूढ झाले. केनेल क्लब ऑफ इंडिया ही संस्था कारवान हाउंड हे नाव वापरते, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ हाउंड या नावाने नोंदणी करतो. भारतीय टपाल खात्याने ९ जानेवारी २००५ रोजी चार देशी कुत्र्यांवर टपाल तिकिटे काढली. त्यांत मुधोळ हाउंडचा समावेश होता.

केसांचे प्रकार

आखूड केसांचे रूप हे अधिक प्रमाणात आढळते. केस अंगालगत बसलेले, बारीक व चमकदार असतात. त्वचा पातळ असून तिच्याखाली चरबी अल्प असते. दख्खनच्या कोरड्या व उष्ण हवेत धावताना शरीरातील उष्णता लवकर बाहेर पडण्यास ही रचना उपयोगी पडते. तिची दुसरी बाजू अशी की, हिवाळ्याच्या रात्री या कुत्र्यास थंडी लवकर बाधते आणि बोरी-बाभळीच्या काट्यांनी त्वचेवर ओरखडे सहज उठतात.

पश्मी रूपात अंगावरील केस बहुधा आखूडच असतात. कानांच्या कडा, शेपटीची खालची बाजू आणि पायांचा मागील भाग यांवर मात्र रेशमी झालर असते. ही झालर शोभिवंत दिसते. परंतु तिच्यात गोखरू, कुसळे व गोचिडी अडकतात. त्यामुळे तिला नियमित विंचरावे लागते. काही जाणकार पश्मीस स्वतंत्र जात मानतात, तर काही तिला कारवानीचेच एक रूप समजतात.

केसांच्या लांबीचे अनुवंशशास्त्र

कुत्र्यांच्या अनेक जातींत केसांची लांबी मुख्यतः एफजीएफ-५ या जनुकावर अवलंबून असते. आखूड केसांचे जनुकरूप प्रभावी, तर लांब केसांचे अप्रभावी असते. म्हणजे आई व बाप या दोघांकडून लांब केसांचे जनुकरूप मिळाल्याशिवाय पिल्लाचे केस लांब होत नाहीत. सलुकी या जातीतही गुळगुळीत व झालरयुक्त अशी दोन रूपे आहेत आणि त्यांतील गुळगुळीत रूप प्रभावी आहे.

या नियमाचा व्यवहारातील अर्थ महत्त्वाचा आहे. आखूड केसांच्या नर व मादी या दोघांत लांब केसांचे जनुकरूप सुप्त असेल, तर त्यांच्या प्रत्येक पिल्लाचे केस लांब होण्याची शक्यता चारांत एक असते. अशा वेळी एकाच वेतात झालर असलेले पिल्लू निघाले, म्हणून मादीचा परक्या नराशी संकर झाला, असा निष्कर्ष काढणे अशास्त्रीय ठरते. सुप्त गुण काही पिढ्या दिसला नाही, तरी तो नाहीसा झालेला नसतो.

रंग

बदामी, तांबूस, काळा, करडा, पांढरा, तपकिरी आणि पट्टेरी हे या जातीत आढळणारे प्रमुख रंग होत. छाती, पंजे, शेपटीचे टोक किंवा कपाळ यांवर पांढरे डाग अनेकदा असतात. कुत्र्याच्या केसांचे सर्व रंग दोनच मूळ रंगद्रव्यांपासून तयार होतात. पहिले काळे-तपकिरी, तर दुसरे पिवळे-तांबडे. कोणते द्रव्य, किती आणि अंगाच्या कोणत्या भागावर तयार व्हावे, हे वेगवेगळी जनुके ठरवतात.

काळा, पट्टेरी व बदामी : या तिन्ही रंगांमागे सीबीडी-१०३ हे जनुक आहे. त्याचे स्वरूप २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले. त्याच्या तीन रूपांपैकी काळ्या रंगाचे रूप सर्वांत प्रभावी असते, त्याखालोखाल पट्टेरी आणि शेवटी बदामीला वाव देणारे. यामुळे दोन बदामी कुत्र्यांच्या पोटी काळे पिल्लू सहसा येत नाही. उलट दोन काळ्या कुत्र्यांच्या पोटी बदामी पिल्लू येऊ शकते.

करडा : काळ्या रंगद्रव्याचे कण केसांत समान न पसरता गोळा झाले की काळा रंग राखी दिसू लागतो. एमएलपीएच या जनुकाचे अप्रभावी रूप दोन्ही पालकांकडून मिळाल्यास असे घडते. अशा कुत्र्याचे नाकही काळे न राहता करडे होते. काही करड्या कुत्र्यांत केस विरळ होण्याचा विकार संभवतो.

तपकिरी : टीवायआरपी-१ या जनुकातील बदलामुळे काळ्याऐवजी तपकिरी द्रव्य तयार होते. ओठ, पापण्यांच्या कडा व नाक हेही तपकिरी होतात. म्हणून रंगाची नोंद करताना केवळ केस न पाहता नाकाचा रंगही पाहावा लागतो.

पांढरे डाग : त्वचेत रंगपेशी पोहोचल्या नाहीत की तो भाग पांढरा राहतो. एमआयटीएफ या जनुकाशी या डागांचा संबंध आहे. रंगपेशी गर्भावस्थेत पाठीच्या कण्याच्या बाजूने खाली सरकत जातात. म्हणून पंजे, छाती व शेपटीचे टोक हे दूरचे भाग प्रथम पांढरे राहतात.

मर्लचा धोका

मर्ल म्हणजे काळ्या-करड्या रंगाचे वेडेवाकडे ठिपके असलेले रूप. पीएमईएल या जनुकातील बदलामुळे ते निर्माण होते व ते प्रभावी गुण म्हणून पुढे जाते. याचा अर्थ, मर्ल पिल्लाचा किमान एक पालक त्या गुणाचा वाहक असलाच पाहिजे. ज्या वंशात पूर्वी मर्ल नव्हता तेथे तो एकाएकी दिसल्यास वंशावळीची चौकशी करणे इष्ट ठरते. हा बदल मुख्यतः काळ्या-तपकिरी द्रव्यावर परिणाम करत असल्याने फिकट बदामी कुत्र्यात तो नजरेतून निसटू शकतो. दोन मर्ल कुत्र्यांचा संबंध घडवल्यास चारांत एक या प्रमाणात पिल्लांना तो गुण दुहेरी मिळतो. अशा पिल्लांत बहिरेपणा व डोळ्यांचे जन्मजात दोष यांचा धोका बराच वाढतो.

रंग आणि जातीची शुद्धता

वर उल्लेखिलेले बहुतेक रंग केवळ कारवानीचे नाहीत. वर्धा जिल्ह्यातील सिंदी (रेल्वे) असो वा सोलापूरकडील एखादे खेडे, तेथील गावठी कुत्र्यांतही बदामी, काळा व पांढरे डाग असलेला रंग सर्रास आढळतो. रंग बदामी आहे म्हणून कुत्रा अस्सल ठरत नाही आणि पट्टेरी आहे म्हणून संकरित ठरत नाही. डोक्याची ठेवण, छातीची खोली, कण्याचा बाक, पायांची लांबी, चाल आणि नोंदलेली वंशावळ हेच अधिक विश्वासार्ह निकष आहेत. मातृत्व-पितृत्वाबाबत वाद असल्यास जनुकीय चाचणीने तो निकाली काढता येतो. एका वेतातील पिल्लांचे बाप दोन असू शकतात; म्हणून प्रत्येक पिल्लाची चाचणी स्वतंत्रपणे करावी लागते.

संवर्धनातील प्रश्न

शेतकरी व शिकारी कुटुंबांनी या जातीची निवड पिढ्यान्‌पिढ्या वेग, दम व नजर या गुणांवर केली. सशामागे धावणाऱ्या कुत्र्याचा रंग त्यांच्या लेखी गौण होता. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने शिकारीवर कडक निर्बंध आले व ते आवश्यकही होते. मात्र त्यामुळे या कुत्र्याचे मूळ काम संपले आणि निवडीचा निकष हळूहळू बदलला. दुर्मीळ रंगाच्या पिल्लास अधिक किंमत मिळू लागली की, त्या रंगासाठी जवळच्या नात्यातील कुत्र्यांचा संबंध घडवण्याचा मोह वाढतो. अप्रभावी रंग जवळच्या नात्यात लवकर उमटतात. पण त्यांच्यासोबत सुप्त आनुवंशिक दोषही उमटतात. वेगाच्या हव्यासापोटी ग्रेहाउंडशी संकर करणे ही दुसरी अडचण होय, कारण दिसण्यातील साम्यामुळे असा संकर ओळखणे कठीण जाते.

मेजर डब्ल्यू. व्ही. सोमण यांचा ‘द इंडियन डॉग’ हा १९६३ मधील ग्रंथ देशी जातींच्या अभ्यासातील एक आरंभीचा टप्पा मानला जातो. कर्नाटकात मुधोळजवळील तिम्मापूर येथे श्वान संशोधन केंद्र कार्यरत असून कर्नालची राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन संस्था देशी जातींची नोंदणी करते. अशा नोंदींत केसांचा प्रकार, अंगाचा रंग, नाकाचा रंग आणि पांढऱ्या डागांची जागा यांची स्वतंत्र नोंद झाल्यास आनुवंशिक विविधतेचा माग ठेवता येतो. सर्व रंगांची व दोन्ही केसप्रकारांची निरोगी कुत्री पैदाशीत राहणे, हे जातीच्या दीर्घकालीन टिकावासाठी एखाद्या रंगाच्या लोकप्रियतेपेक्षा अधिक महत्त्वाचे आहे.