खिडकीतला अरगॉन : काय करतो आणि काय करीत नाही

ऑक्टोबर महिना लागला की आपल्या पत्रपेटीत खिडक्या बदलून देणाऱ्या कंपन्यांची रंगीत पत्रके येऊ लागतात. ‘अरगॉन भरलेल्या खिडक्या बसवा, हीटिंगचे बिल निम्मे करा’ अशा थाटाची त्यांची भाषा असते. पाठोपाठ एखाद्या शनिवारी विक्रेता दाराशी येतो, तासभर बसतो आणि ‘आजच सही केलीत तर खास सूट’ असे सांगतो. घरभरच्या खिडक्यांचा खर्च सहज दहा हजार डॉलर्सच्या पुढे जातो. म्हणून सही करण्यापूर्वी हा वायू खिडकीत नेमके काय काम करतो, हे समजून घेणे बरे. मी पेशाने सॉफ्टवेअरवाला, खिडक्यांच्या धंद्याशी माझा संबंध नाही. पण हा विषय समजायला इंजिनिअरिंगच्या अभ्यासातले उष्णतेचे दोन-तीन धडे पुरेसे आहेत.

उष्णता बाहेर जाते कशी?

आपल्याकडे थंडीत गोधडी घेतात. ऊब गोधडीच्या कापडात नसते. थरांमध्ये अडकून पडलेल्या हवेमुळे अंगातली उष्णता बाहेर जात नाही. दुहेरी काचेच्या खिडकीचे तत्त्व हेच. दोन काचांमध्ये साधारण अर्धा इंच अंतर ठेवायचे, कडा सीलबंद करायच्या आणि मधल्या हवेला कोंडून ठेवायचे. अशा खिडकीचे अमेरिकन पेटंट १८६५ सालचे आहे, म्हणजे कल्पना काही नवीन नाही.

या कोंडलेल्या हवेतूनही उष्णता तीन वाटांनी निसटते. पहिली वाट वहनाची : हवेचे रेणू एकमेकांवर आपटत उष्णता पुढे पोचवतात. दुसरी अभिसरणाची : आतल्या गरम काचेजवळची हवा वर चढते, बाहेरच्या थंड काचेजवळची खाली उतरते आणि चक्र सुरू होते. तिसरी वाट प्रारणाची : गरम काच थंड काचेकडे डोळ्यांना न दिसणारे इन्फ्रारेड किरण फेकते. शेकोटीपासून चार हात दूर बसूनही चेहरा तापतो, तो याच किरणांमुळे.

यातला महत्त्वाचा मुद्दा असा, की साध्या दुहेरी काचेत मधल्या पोकळीतून जाणाऱ्या उष्णतेपैकी निम्म्याहून अधिक, साधारण साठ टक्के, उष्णता या तिसऱ्या वाटेने जाते. आणि तिच्यापुढे वायूचे काहीच चालत नाही. हे लक्षात ठेवा. पुढचा सगळा हिशेब यावर अवलंबून आहे.

मग अरगॉनच का?

अरगॉन आपल्या हवेतच आहे, जवळजवळ एक टक्का. लॉर्ड रॅले आणि विल्यम रॅम्से यांनी १८९४ साली तो शोधून काढला. तो कशाशीही रासायनिक क्रिया करीत नाही, म्हणून त्याला ग्रीक भाषेत ‘आळशी’ या अर्थाचे नाव मिळाले. खिडकीच्या कामाला हा आळशीपणा फायद्याचा ठरतो. अरगॉनचे अणू हवेतल्या नायट्रोजन-ऑक्सिजनच्या रेणूंपेक्षा जड असतात, त्यामुळे त्याच तापमानाला ते सावकाश हलतात आणि उष्णता सावकाश पोचवतात. हवेच्या तुलनेत अरगॉनची उष्णता वाहून नेण्याची क्षमता दोन-तृतीयांश आहे. शिवाय तो विषारी नाही, पेटत नाही आणि हवेतूनच वेगळा काढला जात असल्याने स्वस्त आहे. खिडकीतून गळला तरी घरातल्या माणसांना काही धोका नाही.

त्याचा भाऊ क्रिप्टन याहून सरस. त्याची क्षमता हवेच्या साधारण एक-तृतीयांश आहे. (मुलांनी विचारले तर सुपरमॅनच्या ग्रहाचा याच्याशी संबंध नाही असे सांगावे!) पण हवेच्या दहा लाख भागांत क्रिप्टन जेमतेम एक भाग असतो, म्हणून तो महाग पडतो. काचांमधले अंतर कमी असते, विशेषतः तिहेरी काचेत, तेथे तो वापरतात.

काचांमधले अंतर वाढवत नेले तर फायदा वाढतच जाईल, असे वाटेल. पण तसे होत नाही. पोकळी फार अरुंद असेल तर वहन वाढते. फार रुंद असेल तर वायूला फिरायला जागा मिळते आणि अभिसरण सुरू होते. अरगॉनसाठी अर्धा ते पाऊण इंचाच्या दरम्यानचे अंतर उत्तम, तर क्रिप्टनसाठी त्याहून कमी, सुमारे तीन-अष्टमांश इंच.

खरा कर्तबगार : लो-ई थर

प्रारणाची तिसरी वाट बंद करण्यासाठी काचेवर चांदीसारख्या धातूचा किंवा धातूच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ, पारदर्शक थर देतात. त्याला लो-ई कोटिंग म्हणतात. साधी काच इन्फ्रारेड किरण भरपूर सोडते. हा थर असलेला पृष्ठभाग त्याच्या एक-दशांशाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी सोडतो. १९७३ च्या तेलटंचाईनंतर कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने काच उद्योगाबरोबर या विषयावर बरेच काम केले.

आता आकडे पाहू. खिडकीतून किती उष्णता जाते, ते यू-फॅक्टर या आकड्याने सांगतात. आकडा जितका लहान, तितकी खिडकी चांगली. अर्धा इंच पोकळीच्या काचेच्या मध्यभागाचे आकडे अमेरिकन मापात साधारण असे :

एकेरी काच — १.०४
दुहेरी काच, आत हवा — ०.४८
दुहेरी काच, आत अरगॉन — ०.४६
दुहेरी काच, लो-ई थर, आत हवा — ०.३०
दुहेरी काच, लो-ई थर, आत अरगॉन — ०.२५

तिसऱ्या ओळीकडे नीट पाहावे. नुसता अरगॉन भरला तर फरक नगण्य, कारण बहुतेक उष्णता किरणांच्या वाटेने जातच राहते. लो-ई थराने ती वाट बंद झाली, की जी थोडी उष्णता उरते ती वायूतून जाते, आणि मग अरगॉनचा उपयोग दिसू लागतो. म्हणून विक्रेत्याने कितीही वेळा ‘अरगॉन’ म्हटले, तरी आपला पहिला प्रश्न ‘लो-ई आहे का?’ हाच असावा.

पैशांचा हिशेब

शिकागोच्या आसपासचे एक घर धरू. चौदा खिडक्या, एकूण काच २०० चौरस फूट. तेथील हिवाळा वर्षाला साधारण ६००० डिग्री-दिवसांचा. यू-फॅक्टरमधला फरक गुणिले क्षेत्रफळ गुणिले २४ गुणिले डिग्री-दिवस, एवढे केले की वर्षाची बचत बी.टी.यू. मध्ये मिळते. फर्नेसची कार्यक्षमता ९० टक्के आणि गॅसचा दर थर्मला सव्वा डॉलर धरला आहे. आपल्या बिलावरचा दर घालून हे गणित घरी करता येईल.

लो-ई काचेत हवेऐवजी अरगॉन असेल, तर बचत वर्षाला सुमारे १६ थर्म, म्हणजे २० डॉलर्स. लो-ई नसताना नुसता अरगॉन भरला, तर बचत ८ डॉलर्स! साधी दुहेरी काच काढून लो-ई व अरगॉनची बसवली, तर सुमारे ९२ डॉलर्स. आणि एकेरी काच काढून बसवली, तर सुमारे ३१६ डॉलर्स.

एका खिडकीला बसवण्यासकट ८०० डॉलर्स धरले, तर चौदा खिडक्यांचे ११,२०० होतात. एकेरी काचेच्या घरात ते वसूल व्हायला पस्तीस वर्षे लागतील आणि चांगल्या अवस्थेतल्या दुहेरी काचेच्या घरात शंभराहून अधिक! तोवर आपली मुले तर सोडाच, नातवंडेही निवृत्त होतील. तेव्हा केवळ बिल कमी होईल या आशेने धडधाकट दुहेरी खिडक्या काढून टाकू नयेत.

पण चौकटी कुजल्या आहेत, खिडक्या उघडत-मिटत नाहीत किंवा नवे घर बांधताय, म्हणजे खिडक्या घ्यायच्याच आहेत, तर गणित बदलते. तेव्हा प्रश्न फक्त वरच्या खर्चाचा उरतो. साध्या दुहेरी काचेपेक्षा लो-ई व अरगॉनसाठी खिडकीमागे ८० डॉलर्स जास्त पडले, तर ते बारा-तेरा वर्षांत वसूल होतात. अशा वेळी मात्र काटकसर करू नये.

करसवलतीबद्दलही एक सूचना. २०२३ ते २०२५ या वर्षांत पात्र खिडक्यांवर फेडरल आयकरात वर्षाला ६०० डॉलर्सपर्यंत सूट मिळत असे. ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्या खिडक्यांना ती नाही. एखाद्या जुन्या पत्रकात तिचा उल्लेख दिसला तर फसू नये. आपली स्थानिक वीज किंवा गॅस कंपनी काही सूट देते का, हे मात्र फोन करून जरूर विचारावे.

पैशांपलीकडचा फायदा

डिसेंबरात भारतातून आई-बाबा आलेले असतात. थर्मोस्टॅट ७० वर असतो, तरी खिडकीशेजारच्या खुर्चीत बसून त्यांना हुडहुडी भरते. आपण म्हणतो, त्यांना सवय नाही. खरे कारण काचेच्या तापमानात असते. बाहेर शून्य फॅरेनहाइट असेल, तर एकेरी काचेचा आतला पृष्ठभाग सुमारे २० अंशांवर असतो, साध्या दुहेरी काचेचा ४७ वर आणि लो-ई व अरगॉनच्या काचेचा ५८ वर. थंड काचेकडे आपल्या शरीराची उष्णता किरणांनी जात राहते, म्हणून खोलीतली हवा गरम असूनही थंडी वाजते. काच उबदार असेल तर थर्मोस्टॅट दोन अंश खाली ठेवूनही वडीलधाऱ्यांना त्रास होत नाही.

दुसरा फायदा स्वयंपाकघरात. कुकरच्या शिट्ट्या आणि उकळत्या आमटीची वाफ थंड काचेवर पाणी होऊन साचते. ते पाणी चौकटीत मुरले की बुरशी धरते, आणि दमा असणाऱ्यांना तिचा त्रास होतो. काच जितकी गरम, तितके पाणी कमी धरते. अर्थात स्वयंपाक करताना एक्झॉस्ट पंखा लावणे हा पहिला उपाय.

टेक्सास, ॲरिझोना, फ्लोरिडातल्या वाचकांसाठी वेगळा सल्ला. तुमचा शत्रू ऊन आहे, आणि अरगॉन ऊन अडवीत नाही. खिडकीच्या लेबलवर सोलर हीट गेन हा आकडा कमी आहे ना, ते पाहावे.

वायू टिकतो का?

चांगल्या सीलमधून अरगॉन वर्षाला एक टक्क्यापर्यंत गळतो. सुरुवातीला नव्वद टक्क्यांच्या आसपास भरलेला असतो, म्हणजे वीस वर्षांनीही बराच शिल्लक राहतो. पण दोन काचांच्या मध्ये धुके दिसू लागले, तर सील फुटले आणि अरगॉनही गेला असे समजावे. ते कितीही पुसले तरी जाणार नाही. मात्र अख्खी खिडकी बदलण्याची गरज नसते. चौकट चांगली असेल तर फक्त काचेचे सीलबंद युनिट बदलून मिळते. आधी हमीची कागदपत्रे शोधावीत. डेन्व्हरसारख्या उंचावरच्या गावी हवेचा दाब सारखा करण्यासाठी काही खिडक्यांना बारीक नळी ठेवतात. तशा खिडकीत अरगॉन टिकत नाही, तेव्हा त्याचे वेगळे पैसे देऊ नयेत.

सही करण्यापूर्वी

१. एन.एफ.आर.सी.चे लेबल पाहावे. त्यावरचा यू-फॅक्टर चौकटीसह संपूर्ण खिडकीचा असतो. विक्रेता काचेच्या मध्याचा, अधिक गोंडस दिसणारा आकडा सांगत असेल, तर लेबलवरचा मागावा.

२. घरात लो-ई काच आहे का, हे पाहायचे असेल तर रात्री काचेपुढे पेटते निरांजन धरावे (पडद्यापासून दूर!). दुहेरी काचेत ज्योतीची चार प्रतिबिंबे दिसतात. त्यांतल्या एकाचा रंग वेगळा असेल तर लो-ई थर आहे. अरगॉन मात्र डोळ्यांना दिसत नाही. तो ऑर्डरवर लिहून घ्यावा.

३. आधी फटी बुजवाव्यात. कॉकिंग, वेदरस्ट्रिपिंग आणि हिवाळ्यापुरता खिडकीला लावायचा प्लास्टिकचा पडदा यांना थोडे डॉलर्स आणि एक शनिवार लागतो. एकेरी काच असेल तर बाहेरून स्टॉर्म विंडो बसवल्यास यू-फॅक्टर जवळजवळ निम्मा होतो.

४. निदान तीन ठिकाणचे लेखी अंदाज घ्यावेत. ‘आजच सही’ म्हणणाऱ्याला चहा पाजून, गोड बोलून परत पाठवावे.

गणितात कुणाला शंका असेल, तर संक्रांतीच्या कार्यक्रमाला येताना आपले गॅसचे बिल आणि खिडक्यांची मापे घेऊन यावे. तिळगूळ खाताखाता दहा मिनिटांत तुमच्या घराचा हिशेब मांडून देईन.