गुंतवणूकदारांसमोर प्रस्ताव मांडताना

घर किंवा जमीन यांत पैसा गुंतवणारा माणूस बहुधा आयुष्यभराची पुंजी त्यात घालत असतो. त्याच्यासमोर मांडायचा प्रस्ताव हा म्हणूनच केवळ जाहिरातीचा मजकूर नसतो. तो पटणारा आणि खराही असावा लागतो. असा प्रस्ताव कसा तयार करावा, ते पाहू या.

प्रथम ऐकणाऱ्याची गरज ओळखावी. दरमहा भाडे हवे असलेला निवृत्त गृहस्थ आणि दहा वर्षांनी भाव वाढेल या अपेक्षेने जमीन घेणारा व्यापारी यांचे प्रश्न वेगळे असतात. ज्याचा जो प्रश्न, त्याचे उत्तर आधी द्यावे.

त्यानंतर कागदपत्रे. जमिनीची मालकी, तिच्यावरील कर्जाचा बोजा आणि बांधकामाची परवानगी यांविषयीचे पुरावे सोबत जोडावेत. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ अर्थात 'रेरा' या कायद्यानुसार, ज्या प्रकल्पास नोंदणी आवश्यक आहे, त्याची जाहिरात नोंदणीपूर्वी करता येत नाही. खरेदीदारांकडून मिळालेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र बँक खात्यात ठेवावी लागते. ती त्या प्रकल्पाची जमीन व बांधकाम यांसाठीच वापरता येते. ही माहिती स्पष्ट दिल्यास विश्वास वाढतो.

तिसरी बाब आकड्यांची. समजा, सदनिकेची किंमत ५० लाख रुपये आणि मासिक भाडे १५,००० रुपये आहे. वार्षिक भाडे १,८०,००० रुपये, म्हणजे ३.६ टक्के होते. देखभाल व मालमत्ता कर यांचे ३०,००० रुपये वजा केल्यास उत्पन्न ३ टक्के उरते. त्यात दोन महिने सदनिका रिकामी राहिली, तर ते २.४ टक्क्यांवर येते. केवळ पहिला आकडा सांगणे म्हणजे अर्धसत्य सांगणे होय.

शेवटी भाषा. 'भाव वाढू शकेल' हा अंदाज आहे. 'भाव वाढेलच' हे आश्वासन आहे. एका 'च'ने अर्थ बदलतो आणि जबाबदारीही. खोट्या जाहिरातीवर विसंबून पैसे भरणाऱ्याचे नुकसान झाल्यास, रेरा कायद्यानुसार विकासकाला भरपाई द्यावी लागते.

म्हणून लाभाबरोबर जोखीमही तितक्याच ठळकपणे मांडावी. वाक्ये लहान ठेवावीत, विशेषणे मोजकी वापरावीत आणि ऐकणाऱ्याला विचार करण्यास पुरेसा अवधी द्यावा. सर्व बाजू समजून घेऊन दिलेला होकारच पुढे टिकतो.