वेस नसलेल्या गावांचं राज्य

मंगळूर मागे टाकून गाडी कासरगोडात शिरली की खिडकीतून पाहताना जाणवतं, इथे गाव संपतच नाही. आपल्याकडे देशावर गाव संपलं की शिवार लागतं, मग माळ, ओढा आणि कोस-दोन कोसांवर पुढच्या गावाच्या देवळाचा कळस. केरळात माडांच्या आड एक घर, त्याच्या कुंपणाला लागून दुसरं, मग मशीद, शाळा, लाकडाची वखार, पुन्हा घर. मध्ये नदी किंवा भातखाचरं आली तरच वस्तीला खंड पडतो. कन्नूर, कोळिकोड, त्रिशूर करत तिरुवनंतपुरमपर्यंत बराचसा प्रवास असाच होतो.

२०११ च्या जनगणनेनुसार ३८,८६३ चौरस किलोमीटरच्या या राज्यात ३ कोटी ३४ लाख माणसं राहतात. दर चौरस किलोमीटरला ८६०. महाराष्ट्रात हाच आकडा ३६५ आहे. तिरुवनंतपुरम आणि आलप्पुळा या जिल्ह्यांत तो दीड हजाराच्या आसपास जातो. तरीही इथली दाटी चाळीसारखी नाही. ती झाडांखाली पसरलेली आहे, आणि रोजचं जगणं समजून घ्यायचं तर आधी हे पसरणं समजून घ्यावं लागतं.

प्रत्येक परसात पाणी

दख्खनच्या पठारावर पाणी जिथे लागलं तिथे घरं एकमेकांना खेटून उभी राहिली. केरळात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, जूनमध्ये एकदा आणि ऑक्टोबरनंतर पुन्हा. परसात खणलं की बहुतेक ठिकाणी पाणी लागतं. त्यामुळे घर पाण्याजवळ नेण्याची गरजच उरली नाही. प्रत्येक कुटुंब आपापल्या वाडीत, आपल्या विहिरीशेजारी राहिलं. माड, फणस, केळी, त्यांच्यावर चढलेला मिरीचा वेल, खाली सुरण. कोकणातल्या वाचकाला हे चित्र घरचंच वाटेल.

१ जानेवारी १९७० पासून लागू झालेल्या जमीन सुधारणांनी ही रचना आणखी पक्की केली. जमीनदाराच्या आवारात झोपडी बांधून राहणाऱ्याला झोपडीभोवतीची जागा विकत घेण्याचा हक्क मिळाला, ग्रामपंचायतीच्या हद्दीत दहा सेंटपर्यंत. एक सेंट म्हणजे एकराचा शंभरावा भाग. लाखो गरिबांच्या पायाखाली स्वतःची जमीन आली.

दारापर्यंत येणारा दिवस

सलग वस्तीचा मोठा फायदा असा की कोणतीही सोय कुठेही चालते. सकाळी मासेवाला दुचाकीला डबा बांधून हॉर्न वाजवत गल्लोगल्ली फिरतो, कारण दर पन्नास पावलांवर गिऱ्हाईक असतं. आडवाटेच्या रस्त्यावरही खासगी बस भरून जाते, म्हणून ती परवडते आणि वेळेवर येते. शाळा, दवाखाना, रेशन दुकान बऱ्याच जणांना चालत जाण्याच्या अंतरावर असतात. ग्रंथालय परिषदेशी जोडलेली आठ हजारांहून अधिक वाचनालयं या राज्यात आहेत, आणि संध्याकाळी तिथे वर्तमानपत्रांवर चर्चा झडतात. १८ एप्रिल १९९१ रोजी केरळ संपूर्ण साक्षर झाल्याची घोषणा झाली. त्यामागे चळवळ होतीच, पण घराजवळच्या अंगणात वर्ग भरवणं या वस्तीत सोपं होतं, हेही तितकंच खरं.

ग्रामपंचायतीही म्हणूनच मोठ्या. महाराष्ट्रात अठ्ठावीस हजारांच्या आसपास ग्रामपंचायती आहेत, केरळात ९४१. एकेका पंचायतीत सरासरी पंचवीस हजारांच्या वर लोक. नावाला गाव, वस्तीने आपल्याकडचं एखादं तालुक्याचं ठिकाण.

‘गावाबाहेर’ कुठे?

मात्र वेस नाही म्हणजे ‘गावाबाहेर’ही नाही. आपण किती गोष्टी या एका शब्दावर सोडून देतो! उकिरडा गावाबाहेर, मसणवटा गावाबाहेर. केरळात कचरा टाकायचा तो कोणाच्या तरी घरासमोरच. तिरुवनंतपुरमचा कचरा घेणारं विळप्पिलशाला इथलं केंद्र गावकऱ्यांच्या विरोधाने बंद पडलं. २ मार्च २०२३ रोजी ब्रह्मपुरमच्या कचरा डेपोला आग लागली आणि कित्येक दिवस कोची धुरात गुदमरली.

मृताला अग्नी घरच्या वाडीत, दक्षिणेच्या कोपऱ्यात देण्याची रीत अनेक हिंदू कुटुंबांत आहे. ज्याची वाडी मोठी त्याला चिंता नाही. पण १९७२ च्या ‘लक्षंवीडू’ म्हणजे लाख घरांच्या योजनेतल्या वसाहतींत जमिनीचा तुकडा घराएवढाच होता. तिथल्या दलित कुटुंबांवर स्वयंपाकघराची जमीन खणून आपलं माणूस पुरण्याची वेळ आली आहे. जमीन सुधारणांनी कमाल धारणेतून मळे वगळले होते, आणि मळ्यांवर राबणाऱ्यांच्या वाट्याला फारसं काही आलं नाही. दाटीचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. तो ज्याच्याकडे अंगण नाही त्याच्यावर पडतो.

आता अंगणं सगळ्यांचीच आखडत आहेत. दहा सेंटचे दोन मुलांत पाच-पाच झाले. पाच सेंट म्हणजे २,१७८ चौरस फूट, चौरस धरला तर बाजू जेमतेम १४ मीटर. पिण्याच्या विहिरीपासून शोषखड्डा साडेसात मीटर दूर हवा, असा तिथल्या बांधकाम नियमांचा दंडक. विहीर एका कोपऱ्यात आणि खड्डा समोरच्या कोपऱ्यात केला तर आपल्यापुरतं भागतं. पण कुंपणापलीकडे शेजाऱ्याचा खड्डा आपल्या विहिरीलगतच असतो. ज्या विहिरीने हे राज्य वसवलं, तिचंच पाणी आता उकळून प्यावं लागतं.

उत्तर शोधलं जातंय ते सामायिक व्यवस्थेत. कुडुंबश्री बचतगटांतून उभ्या राहिलेल्या हरित कर्म सेनेच्या बाया घरोघरी जाऊन धुतलेलं, सुकवलेलं प्लास्टिक गोळा करतात. ओला कचरा घरीच जिरवायचा. सार्वजनिक दाहिन्या वाढत आहेत. आपापल्या वाडीत स्वयंपूर्ण असलेला समाज एकेक गोष्ट शेजाऱ्यासोबत वाटून घ्यायला शिकतो आहे.

हे आपल्यासाठी लांबचं नाही. पाच सेंट म्हणजे बरोबर दोन गुंठे. पुणे, नाशिक, कोल्हापूरच्या कडेला आज दोन-दोन गुंठ्यांचे तुकडे विकले जातात. प्रत्येकात एक बोअर, एक शोषखड्डा. तुम्ही असा तुकडा बघायला जाल तेव्हा रस्त्याची रुंदी मोजाच. पण त्याआधी शेजाऱ्याच्या शोषखड्ड्यापासून आपलं पाणी किती मीटरवर आहे, ते मोजा.