कंत्राटी कामगार आणि सुरक्षिततेची जबाबदारी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

कारखाने, गोदामे, बांधकामे, रुग्णालये आणि अलीकडे कार्यालयेही ज्यांच्या श्रमावर चालतात, त्यांपैकी अनेकांचे नाव त्या संस्थेच्या हजेरीपटावर नसते. ते कंत्राटदाराच्या किंवा मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीच्या पटावर असते. पगार तिच्याकडून मिळतो, पण काम दुसऱ्याच्या आवारात, दुसऱ्याच्या यंत्रावर आणि बहुधा दुसऱ्याच्याच सुपरवायझरच्या हुकुमाने चालते. ज्याच्या आस्थापनेसाठी ही माणसे घेतली जातात त्याला कामगार कायद्यात 'मूळ मालक' म्हटले जाते. पगार देणारा एक आणि धोक्यावर ताबा असणारा दुसरा, ही या व्यवस्थेची मुख्य खूण असून तिच्याभोवती साचलेले बहुतेक गैरसमज या दोघांची गल्लत केल्यामुळे निर्माण झालेले आहेत.

'तो आमचा माणूस नाही, ठेकेदाराचा आहे,' हे वाक्य अपघातानंतर कारखान्याच्या फाटकावर हमखास ऐकू येते आणि कित्येकदा जखमी कामगाराच्या नातेवाइकांनाही ते खरे वाटते. कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये 'कामगार' या शब्दाची व्याख्या करताना थेट नेमलेला आणि कंत्राटदारासह कोणत्याही एजन्सीमार्फत नेमलेला असा भेद ठेवलेला नव्हता. इतकेच नव्हे, तर मूळ मालकाला ठाऊक असो वा नसो, कामावर असलेली व्यक्ती कामगारच ठरते, असे शब्द या व्याख्येत १९७६ च्या दुरुस्तीने घातले गेले. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर १९८७ मध्ये झालेल्या दुरुस्तीने याच्या पुढचे पाऊल टाकले. कारखान्याच्या कारभारावर ज्याचे अंतिम नियंत्रण असते त्याला कायदा 'भोगवटादार' म्हणतो, आणि कंपनीच्या बाबतीत हा भोगवटादार तिच्या संचालकांपैकीच एक असला पाहिजे, एखाद्या पगारी अधिकाऱ्याला पुढे करून संचालकांना मागे राहता येणार नाही, असे त्या दुरुस्तीने ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ही तरतूद वैध ठरवली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० मध्येही, मालकाच्या आवारात त्याच्या माहितीने किंवा माहितीविना असलेल्या व्यक्तींच्या सुरक्षिततेची व आरोग्याची जबाबदारी मालकावरच ठेवलेली आहे.

या तरतुदींमागचा तर्क साधा आहे. प्रेसला गार्ड बसवणे, टाकीतील वायू तपासणे, फॉर्कलिफ्टचा रस्ता आणि पादचाऱ्यांचा रस्ता वेगळा काढणे, यांपैकी एकही गोष्ट माणसे पुरवणाऱ्या एजन्सीच्या हातात नसते. तिच्या प्रतिनिधीला कित्येकदा यंत्रशाळेत पाऊलही ठेवता येत नाही. युरोपीय समुदायानेही तात्पुरत्या कामगारांविषयीच्या १९९१ च्या निर्देशात याच कारणास्तव कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेची जबाबदारी कामगार वापरणाऱ्या उद्योगावर टाकली होती. 'सुरक्षिततेची सर्व जबाबदारी कंत्राटदाराची राहील' असे कलम करारनाम्यात घालण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, पण ते कलम फार तर त्या दोघांना एकमेकांविरुद्ध वापरता येते. कारखाना निरीक्षकाला किंवा कामगाराला ते बांधत नाही. अर्थात याचा अर्थ कंत्राटदार मोकळा सुटतो असाही नाही, कारण कामाचे स्वरूप न पाहता, प्रशिक्षणाची चौकशी न करता माणूस पाठवून देणे हा त्याचा दोष त्याच्याच माथी राहतो.

याला जोडूनच आकड्यांचा एक गैरसमज पसरलेला आहे. कंत्राटी कामगार कायदा महाराष्ट्रात पूर्वी वीस कामगारांपासून लागू होत असे. राज्याच्या दुरुस्तीने ही मर्यादा पन्नासवर गेली आणि नव्या संहितेतही पन्नासच आहे. त्यामुळे एकोणपन्नास कंत्राटी कामगार असतील तर सुरक्षिततेचे नियमच लागू नाहीत, असा निष्कर्ष अनेक छोटे कारखानदार काढतात. ही मर्यादा कंत्राटी मजुरीच्या नियमनासाठी, म्हणजे परवाने आणि कल्याणकारी सोयी यांच्यासाठी आहे. यंत्राला आडोसा घालण्याचे किंवा जखमी कामगाराला भरपाई देण्याचे कर्तव्य तिच्यावर अवलंबून नाही.

'कामगाराच्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला' हा निष्कर्ष चौकशी अहवालांत इतक्या सहजपणे लिहिला जातो की तो तपासून पाहणे आवश्यक ठरते. पुण्याजवळील चाकण-पिंपरी पट्ट्यात किंवा हरियाणातील गुरुग्राम-फरिदाबाद पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांतील पॉवर प्रेस हे यंत्र त्यासाठी चांगले उदाहरण आहे. या यंत्रात पत्रा खालच्या साच्यावर ठेवला जातो आणि वरचा साचा प्रचंड दाबाने खाली येऊन त्याला आकार देतो. दोन्ही हातांनी दोन वेगळी बटणे एकाच वेळी दाबल्याशिवाय यंत्र चालू नये, किंवा हात आत असताना प्रकाशकिरण तुटून यंत्र आपोआप थांबावे, अशी व्यवस्था असेल, ती बंद पाडलेली नसेल आणि यंत्राची देखभालही वेळेवर होत असेल, तर दमलेल्या किंवा बेसावध कामगाराचीही बोटे सहसा वाचतात. ती नसेल तर अत्यंत सावध माणसाचीही बोटे एखाद्या क्षणी जाऊ शकतात. या पट्ट्यांतील जखमी कामगारांबरोबर काम करणाऱ्या 'सेफ इन इंडिया' या संस्थेच्या २०१९ पासूनच्या वार्षिक अहवालांत पॉवर प्रेस हे बोटे गमावण्याचे प्रमुख कारण म्हणून सातत्याने नोंदले गेले आहे.

शिवाय नवखेपणा हाच एक स्वतंत्र धोका आहे. कॅनडातील टोरोंटो येथील 'इन्स्टिट्यूट फॉर वर्क अँड हेल्थ' या संशोधनसंस्थेच्या अभ्यासांनुसार, नव्या कामाच्या पहिल्या महिन्यात इजा होण्याची शक्यता वर्षाहून अधिक अनुभव असलेल्यांच्या तुलनेत सुमारे तिप्पट असते. ज्याला ठरावीक महिन्यांनी 'ब्रेक' देऊन पुन्हा दुसऱ्या ठिकाणी पाठवले जाते तो कामगार वर्षानुवर्षे या पहिल्या महिन्यातच राहतो, आणि मग त्याच्या अपघाताला निष्काळजीपणा हे नाव देणे म्हणजे व्यवस्थेचा दोष व्यक्तीच्या नावावर टाकणे होय. कायदाही साध्या निष्काळजीपणाला भरपाई नाकारण्याचे कारण मानत नाही. कर्मचारी भरपाई अधिनियम, १९२३ नुसार नशा, सुरक्षिततेच्या आदेशाचे जाणूनबुजून उल्लंघन आणि सुरक्षा-साधन मुद्दाम काढून टाकणे एवढ्याच कारणांनी मालकाला बचाव घेता येत असे, आणि मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर तोही घेता येत नसे. आता सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झालेल्या या कायद्याने मालकाच्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेले काम कंत्राटदारामार्फत करवले असल्यास मूळ मालकालाही भरपाईस जबाबदार धरले होते. त्याने आधी द्यावे आणि नंतर कंत्राटदाराकडून वसूल करावे, अशी ती रचना आहे.

भरपाई म्हणजे नेमके किती, याबाबतचे अज्ञान मात्र सर्वांत महागात पडते. जानेवारी २०२० पासून या हिशेबासाठी दरमहा १५,००० रुपयांपर्यंतचे वेतन धरण्यात आले आणि मृत्यूच्या प्रकरणी त्याच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणले जाते. पंचविसाव्या वर्षाचा गुणक २१६.९१ असल्याने तेवढे वेतन मिळवणाऱ्या तरुणाच्या वारसांना १६,२६,८२५ रुपये मिळायला हवेत. अंगठा गमावल्यास कमावण्याची क्षमता ३० टक्के आणि तर्जनी पूर्ण गमावल्यास १४ टक्के कमी झाली, असे अनुसूचीतच लिहिलेले आहे. फाटकावर लाख-दोन लाखांचे पाकीट देऊन 'पुढे काही मागणार नाही' असे लिहून घेतले जाते तेव्हा हा हिशेब कोणी सांगत नाही. वास्तविक, भरपाईचा हक्क सोडून देणारा असा करार या कायद्याने रद्दबातल ठरवलेला आहे.

जिथे राज्य कामगार विमा योजना लागू असते तिथे वरील कायद्याऐवजी तिचे लाभ मिळतात. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांसाठी असलेल्या या योजनेविषयी असा समज आहे की काही महिने वर्गणी भरल्याशिवाय काहीच मिळत नाही. आजारपणाच्या लाभाला अशी अट आहे. कामावरील इजेला ती नाही, म्हणजे पहिल्या दिवशी झालेल्या अपघातालाही संरक्षण आहे, आणि तात्पुरत्या अपंगत्वात वेतनाच्या ९० टक्के दराने लाभ मिळतो. कंत्राटदाराच्या माणसांचीही वर्गणी आधी भरण्याचे दायित्व मूळ मालकावर आहे. तरीही अपघात झाल्यानंतरच घाईघाईने नोंदणी करून कार्ड हाती दिले जाते, असे 'सेफ इन इंडिया'च्या वर उल्लेखिलेल्या अहवालांत वारंवार आढळते.

हेल्मेट, बूट, हातमोजे यांचे पैसे पगारातून कापणे बेकायदा आहे, हे वेगळे स्पष्ट करण्याची गरज पडू नये, पण पडते. घरून कामावर जाताना झालेला अपघात कामाशी संबंधित नसतो, हाही समज आता टिकणारा नाही. महाराष्ट्रातील एका साखर कारखान्याच्या रखवालदाराचा २००३ मध्ये कामावर जाताना मृत्यू झाला होता, त्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये वारसांचा भरपाईचा हक्क मान्य केला.

याउलट, कायद्याने सर्व काही झाकले गेले आहे, असे मानणेही चूक ठरेल. आवाजाने येणारा बहिरेपणा किंवा शिशाची विषबाधा यांसारख्या व्यवसायजन्य रोगांसाठी १९२३ च्या कायद्यात एकाच मालकाकडे सलग सहा महिने नोकरी झाल्याची अट होती, आणि तशाच प्रकारच्या कामावर दुसऱ्या मालकाकडे घालवलेला काळ त्यात धरला जात नसे. दर काही महिन्यांनी कंत्राटदार बदलणाऱ्या कामगाराचे कान दहा वर्षांत निकामी झाले, तरी सहा महिन्यांची सलग नोकरी त्याला कोणाकडेच दाखवता येत नाही. सिलिकोसिससारख्या धुळीच्या रोगांत अनेक मालकांकडील काळ एकत्र धरण्याची सोय होती, पण हजेरीपत्रक आणि वैद्यकीय तपासणीचे कागदच हाती नसतील तर तिचा उपयोग मर्यादितच राहतो.

मूळ मालक म्हणजे मोठी कंपनीच, हा समज मध्यमवर्गीय वाचकाने विशेष तपासून पाहावा. गृहनिर्माण संस्थेची मलटाकी साफ करण्यासाठी ठेकेदार बोलावला की आपला संबंध संपला, असे संस्थेच्या समितीला वाटते. २०१३ च्या हाताने मैला साफ करण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याने मात्र संरक्षक साधनांशिवाय गटार किंवा मलटाकी साफ करण्यासाठी प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे माणूस नेमणे हा गुन्हा ठरवला आहे, आणि अप्रत्यक्षपणे या शब्दात ठेकेदारामार्फत केलेली नेमणूक येतेच. गटारातील मृत्यूसाठी ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये ठरवले.

अनेक कारखान्यांच्या प्रवेशद्वाराशी 'अपघाताविना इतके दिवस' असा फलक असतो. कंत्राटी कामगाराची इजा ठेकेदाराच्या वहीत गेली की त्या फलकावरील आकडा अबाधित राहतो, पण मृत्यूची किंवा ४८ तास अथवा अधिक काळ कामावर येता येणार नाही अशा इजेची सूचना निरीक्षकाला देण्याचे जे कर्तव्य कारखाने अधिनियमाने घातले होते, त्यात कोणाच्या पटावरचा कामगार, असा प्रश्न नव्हता. सुरक्षा समितीतील कामगार प्रतिनिधींनी आणि संघटनांनी त्या फलकावरील आकड्यात कंत्राटी कामगारांचे अपघात धरले आहेत का, याचे उत्तर व्यवस्थापनाकडून लेखी मागावे.