मुखपृष्ठावर कोण उभे आहे?

मुखपृष्ठ म्हणजे पुस्तकाची सजावट नव्हे. ही गोष्ट कुणाची आणि ती कुणाच्या नजरेतून सांगितली आहे, हे पान उलटण्याआधीच मुखपृष्ठ सांगून टाकते. चित्रकादंबरीत, म्हणजे ज्याला ग्राफिक नॉव्हेल म्हणतात त्या प्रकारात, तर चित्र हीच भाषा. तिथे मुखपृष्ठ चुकले की पहिले वाक्यच चुकले!

आर्ट स्पीगेलमन यांचे ‘माउस’ पाहा. नाझी छळछावणीतून वाचलेल्या आपल्या वडिलांची कथा त्यांनी चितारली. ज्यू उंदरांच्या रूपात, नाझी मांजरांच्या. १९८६ च्या पहिल्या खंडाच्या मुखपृष्ठावर स्वस्तिक, त्यात हिटलरी मांजराचा चेहरा आणि खाली एकमेकांना बिलगलेले दोन उंदीर. रक्त नाही, प्रेतांचा ढीग नाही. तरीही दहशत अंगावर येते. १९९२ साली या कृतीला पुलित्झरचा विशेष सन्मान मिळाला.

आपल्याकडे २०११ मध्ये नवयान प्रकाशनाने ‘भीमायन’ आणले. बाबासाहेबांनी भोगलेल्या अस्पृश्यतेचे प्रसंग दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांनी चितारले. पात्रांना चौकटीत कोंडायला त्यांनी नकार दिला! घराच्या भिंतींवर काढल्या जाणाऱ्या डिगना नक्षीने त्यांनी पाने विभागली. तहानलेल्या भीमाचे धड माशाचे झाले. विखारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी आली. ज्यांना प्रस्थापितांनी ‘लोककलावंत’ म्हणून बाजूला बसवले, त्यांनीच या माध्यमाला नवे व्याकरण दिले.

आता आपण आपल्याकडे पाहू या. ६ डिसेंबरला दादरमध्ये, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपुरात पुस्तकांचे स्टॉल लागतात. निळा कोट, चष्मा, उंचावलेले बोट. ही प्रतिमा आपल्या अस्मितेची आहे, तिचा अभिमान आहेच. पण शेजारी शेजारी ठेवलेल्या दहा पुस्तकांवर तेच चित्र असेल, तर आतला वेगळा विचार वाचकाला कळणार कसा? दुसरीकडे प्रस्थापित प्रकाशकांना दलित म्हटले की गळ्यातले मडके आणि कमरेचा झाडूच आठवतो. एकीकडे फक्त पूजा, दुसरीकडे फक्त कीव. मग लढणारा माणूस कुठे गेला?

महाडवर चित्रकादंबरी करायची असे समजा. मुखपृष्ठावर काय घ्याल? २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले आणि त्यांच्यामागोमाग हजारोंनी ओंजळी भरल्या. मग त्या ओंजळी का दिसू नयेत? पाणी पुस्तकाच्या कण्यावरून मलपृष्ठापर्यंत का पसरू नये? आणि वाचक स्टॉलपुढे उभा राहून वरून पाहतो, तेव्हा शीर्षक ठळक हवे, चित्रात गर्दी नको. एक प्रसंग, एक विचार. बाकीचे आत आहेच.

आणखी एक गोष्ट. चित्रकाराचे नाव अनेकदा आतल्या पानावर बारीक टाइपात दडवले जाते. चित्रकादंबरीत चित्रकार हा लेखकच असतो. त्याचे नाव मुखपृष्ठावर, लेखकाच्या बरोबरीने छापा. श्रम करणाऱ्याचे नाव पुसण्याची रीत मनूची आहे, आपली नव्हे.

आंबेडकरी तरुण आज कलामहाविद्यालयांतून शिकून बाहेर पडत आहेत. प्रकाशकांनी त्यांना बोलवावे, मोबदला द्यावा आणि मुख्य म्हणजे आधी हस्तलिखित वाचायला द्यावे. आपला इतिहास आपण लिहिला. आता त्याचा चेहराही आपणच काढू या!